पळणं आणि लहान मुलं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरात लहान मूल असताना पळणं कसं चालू ठेवायचं, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी इथून पत्रं आली. त्यातली निवडक पत्रं थोडी आखडून इथे दिली आहेत. नावं गाळली आहेत. उत्तरं एक फिजिओथेरपिस्ट आणि एक धावण्याचे प्रशिक्षक यांनी मिळून दिली आहेत. बाळंतपणात गुंतागुंत झाली असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि मगच पुढचं वाचा.

प्रश्न : पहिलं बाळंतपण होऊन दहा आठवडे झाले. नॉर्मल डिलिव्हरी होती. त्याआधी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात आठवड्यातून चार दिवस पळत होते, रविवारी दहा किलोमीटर. परवा बस गाठायला चार पावलं पळाले तर लघवीचे थेंब गेले. शिंकलं तरी तेच. सासूबाई म्हणतात, सहा महिने पळायचं नाव काढू नको. मैत्रीण म्हणते, परदेशातल्या बायका दीड महिन्यात पळतात. कोणाचं ऐकू? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे. २०१९ साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतरच्या धावण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. पहिले तीन महिने पळू नये आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, कसलाही त्रास नसेल तरच सुरुवात करावी, असं तिचं सांगणं आहे. मैत्रिणीच्या डोळ्यांपुढे बहुधा पॉला रॅडक्लिफ असेल. तिला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. ती जगातली अव्वल व्यावसायिक धावपटू होती, आणि मधे जवळजवळ दहा महिने होते, हे सांगताना गळून जातं.

तुमच्यासाठी तारखेपेक्षा थेंब जाणं महत्त्वाचं आहे. ‘बाळंतपणानंतर असं होतंच’ म्हणून ते सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. बाळ बाहेर येताना ती खूप ताणली जाते. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, त्यातला वाटा या स्नायूंवर पडतो. ते दमलेले असले की थेंब जातात. अंगावर पाजत असाल तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, त्यामुळे तिथली त्वचा आणि पेशी बरेच महिने नाजूक राहतात. हे सगळं व्यायामाने सुधारतं. मात्र त्याआधी पळत राहिलं तर त्रास वाढतो.

व्यायाम असा करा. उताणं झोपा, गुडघे वाकवा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढा. सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. असं आठ ते दहा वेळा. मग चटकन आवळून चटकन सोडायचं, दहा वेळा. हे दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. जमू लागलं की बसून, मग उभ्याने, मग बाळ उचलतानाही. चुका बहुतेकींच्या त्याच असतात : श्वास रोखून धरणं, ढुंगण आणि मांड्या आवळणं, आणि ओढण्याऐवजी खाली जोर देणं. सोडण्याचा भाग खाऊ नका, आवळलेलेच राहिलेले स्नायूही नीट काम करत नाहीत. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. बाळाला पाजायला बसाल तेव्हा करायचं असं ठरवलं की आठवण ठेवावी लागत नाही.

पोटही तपासा. उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं आणि खांदे किंचित उचला, आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं आत बसत असतील किंवा मधे उंचवटा फुगून येत असेल तर पोटाचे स्नायू अजून जुळलेले नाहीत. तसं असेल तर उताणं झोपून उठायचे पोटाचे व्यायाम (सिट-अप) करत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. घट्ट पट्टा बांधून पळायचं तर मुळीच नाही. वरून आवळलेलं पोट सगळा भार खाली तळावर ढकलतं.

तीन महिने झाले, थेंब जाणं थांबलं, की घरच्या घरी परीक्षा घ्या. तीस मिनिटं भरभर चालणं. एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. एका पायावर दहा अर्ध्या बैठका, दोन्ही बाजूंनी. जागच्या जागी एक मिनिट पळणं. पुढे दहा उड्या. एका पायावर दहा उड्या. यातलं काहीही करताना थेंब गेले, खाली जडपणा वाटला, अंग बाहेर येतंय असं वाटलं किंवा दुखलं, तर आणखी दोन-तीन आठवडे चालणं आणि व्यायाम. अंग बाहेर येण्याची शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

सगळं जमलं की आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून पळा. पहिले दोन आठवडे : पाच मिनिटं चाल, मग एक मिनिट पळ आणि दोन मिनिटं चाल असं सात वेळा, शेवटी पाच मिनिटं चाल. तिसरा-चौथा आठवडा : दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल, सहा वेळा. पाचवा-सहावा : चार मिनिटं पळ, दीड मिनिट चाल, पाच वेळा. सातवा-आठवा : आठ मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल, तीन वेळा. त्यानंतर सलग पंचवीस मिनिटं. पळताना किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत त्रास झाला तर एक पायरी मागे या. दम पुरतोय म्हणून पायऱ्या गाळू नका. दम लवकर परत येतो, तळाचे स्नायू आणि सांधे हळू येतात, आणि जुन्या पळणाऱ्या बायका नेमक्या इथेच फसतात. सुरुवात व्हॅक्सिन डेपोतल्या मातीच्या वाटांवरच करा.

सिझेरियन झालेल्यांसाठी दोन ओळी. वरची जखम भरली तरी पोटाच्या आतल्या पडद्याची बरीचशी ताकद परत यायला सहा-सात महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांपेक्षा चार-पाच महिन्यांकडे झुका. टाके पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, व्रणाच्या आजूबाजूची कातडी बोटांनी हळूहळू सगळ्या दिशांना हलवत जा, रोज पाच मिनिटं. व्रण चिकटून राहिला तर पळताना ओढ लागते.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं, वरचंही खातं. मी शिक्षिका आहे. पळून आल्यावर दूध आंबट होतं, बाळ पीत नाही, हळूहळू दूध आटतं असं इथे सगळ्याजणी सांगतात. खरं आहे का? मला हल्ली पळताना फार लवकर धापही लागते. (खानापूर)

उत्तर : बोलता येईल इतक्या वेगाने पळलात तर दुधाच्या प्रमाणावर आणि चवीवर परिणाम होत नाही. अगदी जीव तोडून पळलं तर दुधातलं लॅक्टिक आम्ल थोडं वाढतं, पण त्याने बाळाला अपाय होत नाही आणि बहुतेक बाळं नेहमीसारखीच पितात. काही बाळं तोंड फिरवतात ती त्वचेवरच्या घामाच्या खारटपणामुळे. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पाजा.

निघण्याआधी पाजून निघा. बाळ तृप्त राहतं आणि भरलेल्या छातीचा ताण पडत नाही. घट्ट स्पोर्ट्स ब्रा पळण्यापुरतीच घाला, आल्याबरोबर बदला. तासन्‌तास आवळून राहिलं की दुधाची गाठ होते. गाठ दुखून लाल झाली आणि ताप आला तर पळणं बंद आणि डॉक्टरकडे. पाजणं मात्र थांबवायचं नाही.

दूध आटतं ते पळण्याने नव्हे, कमी खाण्याने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि पुढचे सहा महिने सुमारे ५२० कॅलरी जास्त लागतात. त्यात पळणं मिळवा : साधारण एका किलो वजनाला, एका किलोमीटरला एक कॅलरी. वजन ५५ किलो आणि पळणं चार किलोमीटर, म्हणजे २२०. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे १७० कॅलरी देते, मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाणेही तेवढ्याच. म्हणजे पळण्याच्या दिवशी एक भाकरी आणि सढळ हाताने शेंगदाण्याची चटणी एवढा हिशेब आहे. घरात डिंकाचे लाडू किंवा गोकाकचा करदंट (डिंक आणि सुकामेव्याची मिठाई) असेल तर त्याचा तुकडाही चालतो. बाळंतपणाचं वजन उतरवायचं म्हणून जेवण कमी करून पळू नका. त्यात आधी दूध जातं आणि मग हाडं.

धाप लागते त्याबद्दल : आधी हिमोग्लोबिन तपासा. बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे, आणि कितीही सराव केलात तरी दम वाढणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाळंतिणीला लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज एक अशा द्यायच्या असतात. त्या पहिल्या महिन्यातच कपाटात जाऊन पडतात, हे घरोघरी दिसतं. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, आधी-नंतर निदान तासभर अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागतं. अळिवाचंही तसंच. दुधातल्या खिरीपेक्षा नारळपाण्यात भिजवून लिंबू पिळलेले अळीव लोहासाठी बरे.

प्रश्न : उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. एक मूल साडेतीन वर्षांचं, दुसरं सव्वा वर्षाचं. मिसेस पण नोकरी करते. पूर्वी आठवड्याला चाळीस किलोमीटर पळायचो, आता महिन्यातनं चार दिवस पण जमेना झालंय. जानेवारीत एकवीस किलोमीटर करायची इच्छा आहे, पाच महिने हातात आहेत. (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : चाळीस किलोमीटर मनातून काढून टाका. पुढची दोन वर्षं किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा आणि आठवड्याचे तीन दिवस मोजा. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम केला. पुढचे पंधरा आठवडे त्यांनी फक्त चार किंवा दोनच दिवस केला, पण प्रत्येक वेळचा जोर आणि वेळ तोच ठेवला. त्यांचा कमावलेला दम जवळजवळ टिकून राहिला. तेव्हा दिवस कमी झाल्याचं दुःख करू नका, फक्त तीनातला एक दिवस जोराचा ठेवा.

तीन दिवस असे. पहिला : तीस मिनिटं, गप्पा मारता येतील असं. दुसरा : दहा मिनिटं सावकाश, मग दोन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं सावकाश असं पाच वेळा, शेवटी पाच मिनिटं हळू. तिसरा : रविवारचं लांब पळणं, पहिल्या महिन्यात पन्नास मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवायची, दर चौथ्या आठवड्याला पुन्हा कमी करायचं. एकशे दहा मिनिटांपर्यंत पोचलात की एकवीस किलोमीटरची तयारी झाली. शर्यतीच्या दोन आठवडे आधीपासून निम्म्यावर या. जोराचं पळणं आणि लांब पळणं लागोपाठच्या दिवशी ठेवू नका. फाउंड्रीत दिवसभर उभं राहून, उष्णता सोसून पाय आधीच वापरलेले असतात. त्या दिवशी घाम जास्त जातो, म्हणून पळण्याआधी दोन ग्लास पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेलं ताक.

शिफ्टचं गणित वेगवेगळं करावं लागेल. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कामावरून घरी न जाता थेट पळून मग घरी जा. बूट आणि कपडे डब्याच्या पिशवीत. एकदा घरात पाऊल टाकलं, धाकट्याने पाय धरले, की निघणं होत नाही. सेकंड शिफ्टला सकाळचा वेळ मिळतो, तेव्हा जोराचं पळणं याच आठवड्यात नीट होतं. नाईटच्या आठवड्यात घरी आल्या आल्या पळू नका. आधी पाच-सहा तास सलग झोप, मग संध्याकाळी तीस मिनिटं सावकाश, जोराचं काही नाही. कुठल्याही शिफ्टमध्ये मुलांनी जागवलं आणि पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर ठरलेलं जोराचं पळणं सोडून वीस मिनिटं हळू पळा किंवा झोपा. कमी झोपेवर ओढलेल्या सरावानेच पोटरी आणि टाच धरतात.

अगदीच अडकलात तर घराभोवती पंधरा मिनिटं. त्याला कमी समजू नका. सवय तुटत नाही हा त्याचा मोठा फायदा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या रविवारच्या दीड तासात दोन मुलं कोणीतरी सांभाळत असतं. तेवढाच वेळ मिसेसना हवा, त्या पळोत, झोपोत, माहेरी जाऊन येवोत. शनिवारी रात्री दोघांनी बसून पुढच्या आठवड्याची शिफ्ट, दोघांच्या वेळा, बालवाडी आणि पाळणाघराच्या वेळा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ‘बघू, जमलं तर जातो’ असं म्हणून निघालेलं पळणं भांडणात संपतं आणि महिन्याभरात बंद पडतं. रविवारी मुलं उठायच्या आत परत यायचं असेल तर साडेपाचला निघावं लागेल. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तासभर अंधारातच पळणं आहे : डोक्याला टॉर्च, अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशी उजवी बाजू.

प्रश्न : मूल पाच महिन्यांचं आहे. त्याला बाबागाडीत घालून पळता येईल का? की पुढे पट्ट्याने बांधून घेतलं तर बरं? (निपाणी)

उत्तर : बांधून घेऊन पळायचं नाही, कधीच नाही. प्रत्येक पावलाला बाळाची मान हिसके खाते, आणि तुम्ही अडखळलात तर तुमचं वजन बाळावर येतं. बांधून चालायला जा, जरूर जा.

बाबागाडीसाठी निदान सहा महिने थांबा, आठ झाले तर उत्तम. मान पूर्ण धरली पाहिजे, आधाराशिवाय बसता आलं पाहिजे. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून. गाडी पळण्यासाठीच बनवलेली हवी : तीन चाकं, हवा भरलेले मोठे टायर, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, पुढचं चाक सरळ अडकवण्याची सोय, हाताजवळ ब्रेक, बाळाला दोन्ही खांदे, दोन्ही कंबर आणि पायांमधून असे पाच ठिकाणी पट्टे, आणि तुमच्या मनगटाला बांधायची दोरी. आपल्या दुकानांत मिळणारी छोट्या चार चाकांची घडीची गाडी चालण्यापुरतीच आहे. पळताना तिचं पुढचं चाक खड्ड्यात वळतं आणि गाडी तोंडावर उलटते.

पळताना एका हाताने धरा, दुसरा हात मोकळा हलू द्या, दर दोन-तीन मिनिटांनी हात बदला. कमरेतून पुढे वाकू नका, पावलं आखूड ठेवा. वेग नेहमीपेक्षा कमी होणारच. ऊन लागू नये म्हणून टपावर ओढणी किंवा पंचा टाकायची सवय फार आहे, ती मोडा. कापडाखाली हवा खेळत नाही आणि आतली उष्णता पटकन वाढते. टप पुढे ओढा आणि एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी या. सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटं पुरे.

जागेचा प्रश्न निपाणी-चिकोडी-संकेश्वर भागात खरा अवघड आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून पहाटेपासून रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली वळणावर आत येते, बाहेर आलेला ऊस बाजूला झोडपतो, आणि चालकाला मागचं काही दिसत नाही. हमरस्त्यावर किंवा कारखान्याच्या वाटेवर बाबागाडी नेऊच नका. शाळेचं मैदान, कॉलेजचं ग्राउंड, वसाहतीतला आतला रस्ता, एवढंच. मैदान असेल तर आम्हाला गाडीपेक्षा आळीपाळी जास्त पसंत आहे : एकाने मैदानात मुलाशी खेळायचं, दुसऱ्याने भोवती पंधरा मिनिटं पळायचं, मग अदलाबदल. दोघांचं पळणं अर्ध्या तासात होतं, आणि मूल मातीत खेळतं.

प्रश्न : पहाटे कुत्री मागे लागतात. आता मुलाला घेऊन जायची भीती वाटते. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : कुत्रं अंगावर आलं तर थांबा. पळणाऱ्याच्या मागे ते लागतंच. मूल किंवा बाबागाडी स्वतःच्या मागे घ्या, डोळ्यांत न बघता, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. चावलं किंवा दात लागून ओरखडा आला तर लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. दंडात घ्यायची लस असेल तर पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते मागून घ्या. कुत्रं पाळलेलं होतं, ओळखीचं होतं, म्हणून एकही डोस सोडू नका.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे, अजून रात्री पिते, पाळी परत आलेली नाही. तीन महिन्यांपासून डांबरी रस्त्यावर पळते. नडगी दुखते आणि कंबरही. मलम लावून पळत राहिलं तर चालेल का? (चिकोडी तालुका)

उत्तर : नाही. आधी नडगी बोटाने दाबून बघा. आतल्या कडेने वीतभर लांबीत दुखतंय, पळायला लागल्यावर थोडं कमी होतंय, तर तो स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचा ताण आहे. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येते, त्या पायावर उडी मारली की तिथेच झटका बसतो, रात्री झोपेतही ठणकतं, तर हाडाला बारीक भेग असू शकते. त्याच दिवसापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी भेग साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ एवढ्यावर परत पळू नका.

तुमच्या बाबतीत आम्हाला हाडांची काळजी जास्त वाटते. पाजण्याच्या काळात हाडांची घनता तात्पुरती काही टक्के कमी होते आणि दूध तोडल्यावर भरून येते. पण दोन वर्षांनंतरही पाळी नाही आणि त्यात पळणं चालू, याचा अर्थ खाणं खर्चाला पुरत नाही असाही असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे नक्की सांगा. पाजणाऱ्या आईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिळतं, मोठ्या ग्लासभर दुधात अडीचशेच्या आसपास. सकाळी नाचणीची आंबील, दोन वेळा दूध किंवा दही, वर तीळ, असं जमवा.

कंबरेचं कारण बहुधा कडेवर आहे. मूल नेहमी एकाच कडेवर घेतलं की त्या बाजूचा खुबा बाहेर ढकलला जातो, दुसऱ्या बाजूचे स्नायू आखडतात, आणि तसंच तिरकं शरीर घेऊन तुम्ही पळता. कड बदलत जा. सुरुवातीला दुसरी बाजू परकी वाटेल, तरी बदला. उचलताना गुडघे वाकवून मुलीला आधी छातीशी घ्या, मग उठा, उठताना श्वास सोडा. आठवड्यातून तीनदा हे चार व्यायाम, दहा-बारा मिनिटांत होतात : एका पायावर टाच उचलणं, वीसपर्यंत न्यायचं, उताणं झोपून एका पायावर कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, आणि पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं. वीस-वीस जमेपर्यंत पळणं निम्मं ठेवा. बूट जुने असतील तर तेही बघा, पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळातला मऊपणा संपतो, वरून कितीही चांगले दिसोत.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने काय करायचं? घरातही कोणी ना कोणी शिंकत असतं. (जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : तुमच्याकडच्या पावसात रोज बाहेर पळायचा हट्ट नको. आठवड्यातून एक-दोनदा उघडीप बघून बाहेर, बाकी जिना चढणं, वरचे चार व्यायाम, आणि ज्यांना थेंब जाण्याचा त्रास नाही त्यांनी दोरीच्या उड्या : तीस सेकंद उड्या, तीस सेकंद विश्रांती, पंधरा वेळा. ओल्या बुटांतला तळवा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. चुलीपाशी ठेवू नका, गोंद सुटतो. मुलांकडून सर्दी आली असेल आणि त्रास नाक-घशापुरताच असेल तर हळू पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत खोकला असेल तर पळणं नाही, आणि ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस थांबा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. मला पळताना बघून तोही येतो म्हणतो. माझ्याबरोबर पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालू का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : त्याला बरोबर न्या, शर्यतीत मात्र एवढ्यात नको. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ती सलग एका वेगाने पळूनच व्हावी असं नाही. या वयाची मुलं पन्नास पावलं सुसाट पळतात, थांबतात, दगड उचलतात, परत पळतात. त्यांच्या शरीराला तेच मानवतं. तुम्ही तुमचं पळणं आधी उरकून घ्या आणि शेवटची पंधरा मिनिटं त्याची ठेवा. वेग त्याचा, थांबणं त्याचं. एक-दीड किलोमीटर झालं तरी भरपूर. बाकी दिवशी लंगडी, खो-खो, लगोरी. लंगडीने एका पायाचा तोल आणि घोट्याची ताकद जितकी येते तितकी सात वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कशाने येणं कठीण आहे.

उन्हात मुलं लवकर तापतात आणि तहान लागल्याचं खेळात विसरतात, म्हणून दर पंधरा मिनिटांनी तुम्हीच दोन घोट द्या. पुढे आठ ते चौदा या वयात टाचेच्या मागे दुखतं अशी तक्रार आली तर ती नाटकं समजू नका. टाचेच्या हाडाचं वाढीचं टोक तेव्हा कच्चं असतं, आणि दुखणं थांबेपर्यंत उड्या आणि पळणं कमी करावं लागतं. बूट त्याच्याच मापाचे घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला चालवायची आपल्याकडे रीत आहे. शाळेचा शर्ट चालवा, पळायचे बूट नाही. ते एका पायाच्या सवयीने झिजलेले असतात आणि दुसऱ्याचा पाय तिरका पडतो. दर तीन महिन्यांनी, संध्याकाळी, दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठ्या पायाचा नंबर धरा.